तुम्ही विचारलंत म्हणून: बेअर्सनं महोम्सला सोडलं कसं?

शिकागोत राहतो आणि इथल्या बेअर्स टीमचा चाहता आहे म्हटलं, की अमेरिकन फुटबॉल थोडाफार पाहणारा कुणीही एकच प्रश्न विचारतो: पुढे तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, जिंकलेला पॅट्रिक महोम्स समोर असताना तुमच्या टीमनं दुसऱ्यालाच कसं घेतलं?

ज्यांना ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये कॉलेजातून येणारी मुलं आयपीएलसारखी लिलावात जात नाहीत. आदल्या मोसमात जी टीम तळाला, तिला निवडीचा पहिला मान. हा नंबर टीमना आपसांत बदलता येतो. २०१७ साली बेअर्सचा नंबर तिसरा होता. जनरल मॅनेजर रायन पेस यांनी तो आणि वर आणखी तीन निवडी सॅन फ्रान्सिस्कोला दिल्या, दुसरा नंबर मिळवला आणि क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. महोम्स दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीला गेला.

तेव्हाचा वाद आज कुणाला आठवत नाही. ट्रुबिस्कीचे पास अचूक, पण कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त १३. महोम्सच्या हातात विलक्षण ताकद, पण तो टेक्सास टेक विद्यापीठाचा. तिथं चेंडू सतत हवेतच असतो, अशा पद्धतीत वाढलेली पोरं वरच्या पातळीवर टिकत नाहीत, असं जाणकारही बोलत होते. शंका दोघांबद्दलही होत्या.

२२ डिसेंबर २०१९ ला महोम्स आमच्या सोल्जर फील्ड मैदानावर खेळायला आला. टचडाउन (चेंडू समोरच्या टीमच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळवलेले गुण) झाल्यावर त्यानं बोटांवर मोजायला सुरुवात केली, एक, दोन, तीन, थेट दहापर्यंत. आपल्याला दहावा ठेवलं हे तो विसरला नव्हता. सामना आम्ही २६-३ असा हरलो. ती बोटं टीव्हीवर पाहताना पोटात कालवलं होतं.

निवड चुकलीच. पण माझ्या मते ती अर्धीच गोष्ट आहे. कॅन्सस सिटीत महोम्स पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण बाकावर होता. पुढे अ‍ॅलेक्स स्मिथसारखा मुरलेला क्वार्टरबॅक, वर कोच अँडी रीड. मोसमातला शेवटचा सामना तेवढा त्याला मिळाला, आणि पुढच्याच वर्षी त्यानं ५० टचडाउन पास टाकले. आमच्याकडे आधीचा क्वार्टरबॅक माइक ग्लेनन चार सामन्यांत कोलमडला आणि ट्रुबिस्कीला मैदानात ढकललं. मोसम संपताच कोच जॉन फॉक्स यांना नारळ. दुसऱ्या वर्षी नवा कोच, नव्या चाली, सगळं पहिल्यापासून. महोम्स इथं आला असता तर त्याच्याही वाट्याला हेच आलं असतं. तो चांगलाच खेळला असता, यात मला शंका नाही. पण तीन सुपर बोल? मला नाही वाटत.

नंतर तेच दोनदा घडलं. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सला घेतलं आणि वर्षभरात कोच बदलला. २०२४ च्या सुरुवातीला फील्ड्स ठेवायचा की पहिल्या नंबरवर नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स घ्यायचा, यावर इथं मित्रामित्रांत अबोला धरायची वेळ आली. कुणाचा हात भारी, कोण जास्त चपळ, रात्र रात्र तेच. केलेब आला, आणि पहिल्याच मोसमात ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकायच्या आत जमिनीवर पाडला गेला. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीत मधल्या तीन जागांवर त्याला अडोसाच नव्हता. कोच मॅट एबरफ्लस यांना नोव्हेंबरातच काढलं.

म्हणून आता कुणी विचारलं की या वर्षी कोणता मुलगा घ्यावा, तर मी उलट विचारतो: त्याला शिकवणार कोण, तो कोच दोन वर्षांनी असणार का, आणि पुढच्या फळीत कोण उभं आहे? २०२५ मध्ये बेअर्सनं डेट्रॉइटहून बेन जॉन्सन यांना कोच म्हणून आणलं आणि मधल्या तिन्ही जागा नव्यानं भरल्या. त्यातला जो थूनी तर कॅन्सस सिटीचाच, चार वर्षं महोम्सच्या पुढे उभा राहिलेला. केलेबच्या निवडीपेक्षा मला त्या बातमीचा आनंद जास्त झाला होता.