तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मोठी झाली, अजून तिच्या ताटाशी का बसता?

शहापूरच्या बाजारात भेटा नाहीतर कुणाच्या लग्नात, तुमचा प्रश्न ठरलेला, "पोरगी एकवीसची झाली, आता अंगानंही भरली, मग अजून तिच्यासोबत बसून कशाला जेवायला लावता?" मायेनं विचारता हे ठाऊक आहे म्हणून एकदा नीट सांगते.

तिला अ‍ॅनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढेल या भीतीनं माणूस खाणं तोडत जातो तो मनाचा आजार. वजन परत आलंय, पण वजन आधी येतं आणि जेवणाची भीती मागाहून, फार सावकाश जाते, आणि नेमकं याच टप्प्यावर सगळ्यांना वाटतं की झालं, सुटलो. खाणं पुन्हा कमी झालं की आजार परत डोकं वर काढतो. म्हणून तीन जेवणं आणि मधली खाणी, वेळच्या वेळी, भूक असो नसो.

हे नखरे नाहीत हो. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुण गड्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, ते चिडचिडे झाले, उदास झाले, दिवसभर खाण्याचाच विचार, कुणी तर पाककृती जमवत बसायचे, आणि पोटभर मिळायला लागल्यावरही लगेच सावरले नाहीत. चांगल्या माणसाचं उपासमारीनं असं होतं, मग माझ्या लेकीला हट्टी कसं म्हणू?

ती भाकरीचे एवढे एवढे तुकडे करते, आमटीवरचा तेलाचा तवंग चमच्यानं कडेला सारत राहते, तेव्हा मी "खा" म्हणत नाही, माझा घास घेते आणि कॉलेजातलं काहीतरी विचारते. जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात अवघड, तेव्हा आम्ही दोघी पावटे सोलतो नाहीतर मोबाईलवर लुडो. ती धारवाडला हॉस्टेलवर असली की रात्री व्हिडिओ कॉल, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते, मी इकडे माझं ताट घेऊन.

उपवासाचं मात्र आमच्याकडं फार अवघड होतं, कारण संकष्टी म्हटलं की न जेवणाऱ्याला कुणी टोकत नाही, उलट कौतुकच. डॉक्टरांनी उपवास बंद सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिच्या वाटणीची संकष्टी मी धरते, देवाशी माझं मी बघून घेते." माझ्या मते त्या दिवशी त्यांनी जे केलं ते कुठल्या औषधानं झालं नसतं.

आणि हो, ती सज्ञान आहे, जबरदस्ती आम्ही करूच शकत नाही. सोबत बसायचं तिनंच मागितलंय. वजनही दवाखान्यातच, काट्याकडं पाठ करून, आकडा तिला सांगत नाहीत, घरात काटा नाही. पुढच्या सेमिस्टरला दुपारचं जेवण मैत्रिणींसोबत घेऊन बघणार आहे, हे तिनं आणि काउन्सेलरनं मिळून ठरवलंय, जमलं नाही तर परत मी आहेच.

आमच्या गल्लीत मराठी असो कानडी असो, भेटल्याबरोबर पहिलं "जेवलास काय", "ऊटा आतेन", ते विचारा बिनधास्त. फक्त "आता तब्येत छान झाली बघ" तेवढं म्हणू नका, तिला ते जाड झालीस असंच ऐकू येतं आणि पुढचं जेवण आम्हाला जड जातं. गणपतीला या, तिच्या शेजारी बसा, अभ्यासाचं विचारा, पिक्चरचं विचारा, पण मोदक आग्रहानं वाढू नका, किती घ्यायचे ते तिनं आदल्या दिवशीच ठरवलेलं असतं.