आमची वाटचाल : डबलडेकरच्या सुट्या भागांपासून शहर बसपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बसच्या बॉडीचे भाग तयार होतात. खिडक्यांच्या चौकटी, सीटचे सांगाडे, धरायचे दांडे, पायऱ्यांच्या कडा, काचेची रबर बीडिंग म्हणजे काच चौकटीत धरणारी रबरी पट्टी. ठेकेदारांमार्फत यातला बराच माल कसारा घाट उतरून मुंबईच्या डबलडेकरला लागायचा. त्या ताफ्याच्या उतरणीबरोबर आमचं काम बदलत गेलं.

मुंबईत डबलडेकर आली 1937 मध्ये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या 900 च्या आसपास होती. पुढे ती घटतच गेली. चालवायचा खर्च जास्त, आणि दोन मजल्यांना दोन वाहक. 15 वर्षांचं आयुष्य संपेल तशी एकेक गाडी ताफ्यातून निघाली. 15 सप्टेंबर 2023 ला शेवटची साधी डबलडेकर धावली आणि 5 ऑक्टोबरला उघड्या टपाच्या पर्यटन बसही थांबल्या.

सुटे भाग पुरवणाऱ्याला ही तारीख फार आधी दिसते, कारण ऑर्डरी ठरावीक क्रमाने आटतात. आधी सीटचे पूर्ण संच आणि बाजूच्या पत्र्याची मोठी कामं बंद होतात, कारण दोन वर्षं उरलेल्या गाडीवर कोणी नवी बॉडी चढवत नाही. मग तळाच्या प्लायवूडचे अख्खे तक्ते जाऊन ठिगळाचे तुकडे मागितले जातात. रबर, काच, दांडे आणि पायऱ्यांच्या कडा मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत लागतात. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेसचा, म्हणजे रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा, दाखला घ्यावा लागतो. फुटलेली काच किंवा हलणारा दांडा तिथे चालत नाही.

शेवटचा साठा किती करायचा, हा या धंद्यातला सगळ्यात अवघड हिशोब. बीडिंगची डाय (साचा) लावून थोडेसे मीटर काढून द्यायला रबरवाला तयार नसतो. म्हणून उरलेल्या गाड्या, त्यांच्या निघण्याच्या तारखा आणि गाडीमागे वर्षाला लागणारे मीटर यांचा गुणाकार करून एकदाच माल काढायचा. जास्त काढला तर तो पडून खराब होतो. रबर उन्हापासून दूर, सैल वेटोळं करून आडवं ठेवावं. खुंटीला टांगलं तर वाकलेल्या जागी तडे जातात. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मापाची आधीच करून ठेवावी लागते. समोरची लॅमिनेटेड (थर चिकटवून केलेली) काच सपाट असेल तर तक्त्यातून कापून भागतं.

जुनी डबलडेकर मुख्यतः पाण्याने मरते. वरच्या मजल्यावरच्या खिडकीच्या खोबणीतली निचऱ्याची भोकं धुळीने आणि रंगाच्या थरांनी बुजतात. मग पाणी बॉडीच्या खांबाच्या पोकळीत उतरतं आणि खालच्या मजल्याच्या तळाशी साचतं. वरचा रंग शाबूत, आत खांब गंजाने पोखरलेला. वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत लोखंडी सांगाडा, मध्ये प्रायमर किंवा टेप नसेल तर समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडाला टेकलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. रिबिटांभोवती पांढरी भुकटी दिसली की तो पत्रा काढून बघायचाच. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर गंज आतपर्यंत गेलेला असतो.

दुरुस्ती करताना गंजाच्या बऱ्याच वर, चांगलं लोखंड लागेल तिथे खांब कापायचा, आत स्लीव्ह (जोडनळी) घालून वेल्डिंग करायचं. शेजारच्या खांबांचे जोड एकाच उंचीवर घेऊ नयेत, नाहीतर सगळ्या बाजूला एकच कमकुवत रेघ तयार होते. मधल्या मजल्याचे आडवे बीम जिथे खांबाला मिळतात, तिथल्या त्रिकोणी पट्ट्यांना खड्ड्यांतल्या डोलण्याने चिरा जातात. वरच्या मजल्यावरची सगळी माणसं याच जोडांवर असतात. इथे नुसतं वेल्ड भरून चालत नाही, पट्टी बदलावीच लागते.

निघालेल्या गाडीचे भाग चालत्या गाडीला लावणं हा ताफा सांभाळायचा योग्य मार्ग आहे, पण निवड कडक हवी. सीटचे सांगाडे, दांडे, दिव्यांच्या चौकटी, शाबूत काचा घ्याव्यात. ब्रेकचे होज, स्टिअरिंगचे जोड आणि जुनी रबर घेऊ नये.

मोडायला निघालेली गाडी ओढून न्यायची तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारा फिरता दांडा, आधी सोडवायचा. चाकं फिरतात पण इंजिन बंद असतं, त्यामुळे गिअरबॉक्सला नीट तेल मिळत नाही. स्प्रिंग ब्रेक (स्प्रिंगने लागणारे, हवेच्या दाबाने सुटणारे) असतील तर टाकीतली हवा गेल्यावर चाकं जाम होतात, तेव्हा ब्रेकच्या चेंबरमागचा बोल्ट आवळून ती मोकळी करावी लागतात. ट्रेलरवर चढवली तर उंची वायरींना लागते. तोडताना सुरुवात टपापासून, आणि जिना शेवटी, कारण मागचा सांगाडा तोच ताठ धरतो. प्लायवूड आणि फोम काढल्याशिवाय गॅस कटर जवळ आणू नये. सप्टेंबर 2021 च्या नियमांनुसार गाडी भंगारात काढायचं काम नोंदणीकृत केंद्राकडेच जातं. आम्ही कापकाम सोडलं ते तेव्हापासूनच.

फेब्रुवारी 2023 पासून मुंबईत आलेल्या विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकरच्या काचा मोठ्या आणि बॉडीला चिकटवलेल्या असतात. रबर बीडिंगचं काम तिथे नाही. शेडमधली एक बाजू आता काच चिकटवण्यासाठी राखली आहे. कडा साफ करणं, प्रायमर, पॉलीयुरेथेन या चिकट मसाल्याची एकसंध त्रिकोणी धार, आणि ती सुकेपर्यंत गाडी न हलवणं. धूळ राहिली तर काच वर्षभरात सुटते, म्हणून त्या बाजूला ग्राइंडर चालवायला बंदी आहे. नाशिकच्या शहर बसचंही काम आता येतं. त्यात खिडकीच्या खोबणीची निचऱ्याची भोकं पावसाआधी तारेने मोकळी करून देणं आम्ही प्रत्येक गाडीला करतो, ऑर्डरीत लिहिलेलं नसलं तरी.