एमबीएचं कॉलेज बघायचं तर मंगळवारी जा

पत्रकावर लिहिलं होतं, 'रविवारी पालकांसह या, जेवणाची सोय आहे.' आम्ही मंगळवारी गेलो. बाबांचं म्हणणं, बैल बाजारात समजत नाही, वखराला जुंपला की समजते.

आमचं गाव देवळी तालुक्यातलं. सकाळी सातची एसटी, माझं अर्धं तिकीट, बाबांचं पूर्ण. पत्रकात 'हायवे टच' असलेलं कॉलेज फाट्यापासून चांगलं सव्वा किलोमीटर आत निघालं. रस्त्यात तुरीची मळणी चालली होती, ओढणीभर कुटार घेऊनच मी ऑफिसात शिरले. फेब्रुवारीत हे ठीक आहे. एप्रिल-मेच्या उन्हात रोज दोनदा हीच वाट तुडवायची आहे हे धरून चला.

रिसेप्शनला प्लेसमेंटचा मोठा फ्लेक्स होता, हसरे फोटो आणि खाली कंपन्यांची नावं. नीट पाहिलं तर चष्मेवाली एकच मुलगी दोन वेगवेगळ्या बॅचमध्ये होती. मी काही बोलले नाही, फोटो काढून घेतला. तुम्हीही काढा, आणि निवड झालेल्यांची यादी पगारासकट कागदावर मागा. आम्हाला 'मेल करतो' असं सांगितलं. महिना होत आला, मेल नाही.

वर्ग बघायला शिपाईदादा सोबत आले. साठ खुर्च्या, फळ्यावर तारीख बारा दिवसांपूर्वीची. बाबा दारातच थांबले. "काहून वं, पोरं तं कोठी दिसून नाही राह्यले?" शिपाईदादा हसले, "परीक्षेले येतेत न काका."

लायब्ररीत पुस्तकं भरपूर, पण मी देवघेवीचं रजिस्टर मागितलं. शेवटची नोंद जानेवारीतली. मार्केटिंगच्या जाड पुस्तकांचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. कॉलेजात बाकी काही बघायचं राहिलं तरी चालेल, हे रजिस्टर सोडू नका.

मग फीचा विषय. मॅडमनी पत्रकाच्या मागे पेन्सिलीने आकडे मांडले: ट्युशन, डेव्हलपमेंट आणि शेवटी 'इतर'. 'इतर'ची पावती मिळेल का, विचारलं. "ते ॲडमिशनच्या वेळी बघू." वर, इन्स्टिट्यूट लेव्हलची सीट, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, आजच दहा हजार भरून धरून ठेवा, असा आग्रह.

इथे मुलींनी विशेष सावध राहावं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. दहा हजार भरून ती कॅपबाहेरची सीट धरली असती तर माफी हातची गेली असती. होस्टेल, मेस आणि बसचा खर्च माफीत येत नाही, तो वेगळा मांडा. कॉलेजला मंजूर झालेली फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर दिसते. जाण्याआधी तो आकडा वहीत लिहून न्या. पेन्सिलीचा आकडा लगेच ताडून बघता येतो.

खरी माहिती मिळाली कडुनिंबाखाली डबा खाणाऱ्या सेकंड इयरच्या दोघींकडून. दोन शिक्षक जीव तोडून शिकवतात, बाकीच्या विषयांना नोट्सची झेरॉक्स. होस्टेलला पाणी एक दिवसाआड. आणि पाच चाळीसची एसटी चुकली की फाट्यावर काळी-पिवळीची वाट बघत बसा. त्यांनी मला चटणी-भाकर दिली आणि प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरची ती मुलगी कोण तेही सांगितलं. तिचं लग्न झालं, नोकरी नाही.

नागपूरला मिहानमध्ये आयआयएम आहे, तिथे का नाही गेली, असं गावात विचारतात. तिथली वाट कॅटमधून जाते, आणि मी यंदा सीईटीचाच अभ्यास केलाय.

कागदांचं आत्ताच बघा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर जूनमध्ये काढायला गेलात तर सेतू केंद्रावर अर्धा तालुका उभा असतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुना असेल तर तारीख वाचा. जात पडताळणी बाकी असेल तर प्रकरण आजच टाका.

पाच चाळीसची गाडी त्या दिवशी सव्वासहाला आली. पुढच्या मंगळवारी वर्ध्याकडचं दुसरं कॉलेज बघणार आहोत. बाबा म्हणाले, यावेळी डबा घरूनच नेऊ, आणि त्या पोरींसारख्या कोणी भेटल्या तर त्यांच्यासाठीही दोन भाकरी जास्तीच्या.