कान दोनच, मग स्पीकर चार कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात, परवा तर भाजी घेताना विचारला: "काकू, कान दोनच ना, मग स्पीकर चार कशाला?" घरी आलेली माणसं हेच विचारताना बहुतेकदा आमच्या ह्यांच्याकडे बघतात. एवढी यंत्रं म्हटल्यावर ती पुरुषाचीच असणार. हे निमूट माझ्याकडे बोट दाखवतात आणि चहाचं आधण ठेवायला उठतात.

माझी नोकरी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर गेली. हातात मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न तेव्हापासूनचं. निवृत्तीनंतर 1970 च्या दशकातली चार चॅनेलची, म्हणजे चार स्पीकरना चार वेगळे आवाज देणारी क्वाड्राफोनिक (थोडक्यात क्वाड) यंत्रं आणि तबकड्या जमवते, दुरुस्त करते आणि ऐकते. विकत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता कानांचं. आमच्या शालिमार चौकात मागून रिक्षाचा हॉर्न वाजला तर तुम्ही पुढे बघत नाही. दोन कानांत आवाज पोचण्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी फरक पडतो, पण मेंदूला डावं-उजवं ठरवायला तेवढा पुरतो. पुढचं की मागचं हे मात्र त्या फरकावरून कळत नाही. त्यासाठी कानाच्या पाळीच्या घड्या कामाला येतात, आणि आपल्या नकळत आपण मान जराशी हलवतो ती. म्हणजे कान दोन असले तरी ते चहूकडचं ऐकतात. काळाराम मंदिराच्या सभामंडपात भजनाला बसलात तर टाळ मागेही असतात, बाजूलाही असतात, आणि दगडी खांबांवरून परतून येणारा आवाज निराळाच. स्टिरिओ त्यातलं पुढचं तेवढं देतो. ते वाईट नाही, पण सगळं तेच आहे असं समजायचं कारणही नाही.

लोकांचा पुढचा मुद्दा असतो की क्वाड चांगलं असतं तर बंद का पडलं? माझं म्हणणं इथेच वेगळं आहे. बाजारात क्वाड आपटलं, हे खरं. पण ज्यांनी त्या काळी पैसे मोजले, त्यांतल्या बहुतेकांना ते नीट ऐकूच आलं नाही. तबकडीच्या खोबणीत जे कोरलं होतं ते बाहेर काढायची यंत्रं तेव्हा एकतर कच्ची होती, नाहीतर फार महाग, नाहीतर चुकीची जोडलेली. न ऐकताच दिलेला निकाल मी कशाला मानू?

एका खोबणीला भिंती दोन. त्यात चार चॅनेल बसवायचे कसे? 1970 च्या आसपास याची दोन तऱ्हेची उत्तरं निघाली. पहिलं मॅट्रिक्सचं: चार चॅनेल गणिताने दोनांत कालवायचे आणि घरी डिकोडरने पुन्हा वेगळे करायचे. अमेरिकेच्या सीबीएस कंपनीने एसक्यू ही पद्धत काढली, जपानच्या सान्सुईने क्यूएस. दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. एसक्यूच्या साध्या डिकोडरमध्ये पुढचं डावं-उजवं छान सुटं राहतं, पण पुढच्या आणि मागच्यात फरक उरतो फक्त 3 डेसिबलचा. म्हणजे मागून यायला हवा तो आवाज पुढूनही जवळजवळ तेवढाच. ग्राहकाने चार स्पीकर घरी नेले, खुर्ची मधोमध मांडली आणि ऐकला गोंधळ. तो म्हणाला, फसवलं. त्याचं काय चुकलं?

गंमत अशी की हे गणित नीट उलगडणारे डिकोडर नंतर आले. सान्सुईचा व्हेरिओ-मॅट्रिक्स हा डिकोडर बाजार टिकून होता तोवर तरी आला. एसक्यूसाठीचा सर्वांत धारदार डिकोडर, फॉसगेटचा टेट, आला तेव्हा दुकानांतून क्वाडच्या तबकड्या उचलल्याही गेल्या होत्या. तो करणारे जिम फॉसगेट पुढे डॉल्बीच्या प्रो लॉजिक टूचे, म्हणजे दोन चॅनेलमधून चहूकडचा आवाज काढणाऱ्या पद्धतीचे, जनक झाले. त्यामुळे "काकू, हे म्हणजे डॉल्बीच ना?" असं कोणी म्हटलं की मी सांगते, नातं आहे, पण उलट्या बाजूने: थिएटरमधली सुरुवातीची डॉल्बी स्टिरिओही दोन ट्रॅकमध्ये चार चॅनेल कालवायच्या याच युक्तीवर उभी होती. अर्थात विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विसर्जन मिरवणुकीतली ट्रकभर भिंत असते. तिच्याशी माझा काही संबंध नाही.

दुसरं उत्तर जपानच्या जेव्हीसीचं, सीडी-4. माझा जीव याच्यावर जास्त. यात कालवाकालव नाही. खोबणीच्या डाव्या भिंतीवर डावीकडच्या पुढच्या-मागच्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी कोरलेली असते आणि त्यांची वजाबाकी 30 किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर, म्हणजे ती वाहून नेणाऱ्या लहरीवर, बसवलेली असते. उजवीकडेही तसंच. बेरीज आणि वजाबाकी हाताशी आली की दोन्ही मूळ आवाज सुटे होतात, चौथीतलं गणित. माणसाला 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात लिहितात. माझ्या वयाला 12 मिळाले तरी भरून पावले. म्हणजे कानाला पत्ताच नसलेल्या जागेत मागचे दोन चॅनेल सुटे करणारी वजाबाकी दडलेली.

ते वाचायला सुई तशी लागते. साधी गोल टोकाची सुई एवढ्या बारीक नागमोडीत शिरत नाही. जेव्हीसीच्या नोरिओ शिबाटांनी यासाठी वेगळ्या घडणीची सुई केली. ती खोबणीच्या भिंतीला उंच, अरुंद रेषेत टेकते. आजही महागड्या कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या डबीवर, शिबाटा हे नाव दिसतं ते या चार चॅनेलच्या भानगडीतून आलेलं आहे, हे वापरणाऱ्यांना ठाऊक नसतं. सुईशिवाय टर्नटेबलपासूनची वायरही कमी कपॅसिटन्सची लागते, नाहीतर कॅरिअर वाटेतच जिरतो.

हे जुळवायचं काम मला फार आवडतं. कॅरिअरवरची वजाबाकी उतरवून घेणाऱ्या पेटीला डिमॉड्युलेटर म्हणतात. तिच्या तोंडावर एक छोटा दिवा असतो, त्याला रडार म्हणतात. कॅरिअर सापडला की तो लागतो. सुई टेकवायची, दिवा लुकलुकतो, विझतो. आर्म किंचित उचलायचा, वजन किंचित वाढवायचं, कार्ट्रिजचा स्क्रू सैल करून केसभर फिरवायचा. दिवा स्थिर झाला की सेपरेशनचे, म्हणजे पुढचं-मागचं वेगळं करायचे, दोन नॉब. चाचणीच्या तबकडीवर एक माणूस फक्त पुढच्या डाव्या स्पीकरमधून बोलायचा असतो. सुरुवातीला तो मागूनही बोलतो. नॉब फिरवत मागचा आवाज पुसत न्यायचा. एका जागी तो एकदम गळून पडतो आणि माणूस पुढे जाऊन उभा राहतो. हे दोन्ही बाजूंना जमलं की मग संगीत. आणि तबकडीचा कॅरिअर आधीच्या मालकाच्या बोथट सुईने खरवडला गेला असेल तर गरम तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा चरचराट येतो, तोही चारही बाजूंनी. त्याला इलाज नाही. कधी कधी मात्र जुनी सुई जिथे टेकलीच नव्हती तिथे शिबाटा टेकते आणि मेलेली समजलेली तबकडी चक्क वाजते.

न ऐकल्या गेलेल्या गोष्टींचं अजून एक उदाहरण देते. फिलिप्सने त्या दशकात शास्त्रीय संगीताची कितीतरी रेकॉर्डिंग चार चॅनेलवर केली आणि विकली फक्त स्टिरिओत. टेपा कपाटात पडून राहिल्या. पुढे 2000 नंतर पेंटाटोन कंपनीने त्या एसएसीडीवर, म्हणजे दोनाहून जास्त चॅनेल मावणाऱ्या सीडीवर, आणल्या तेव्हा मागचे दोन चॅनेल पहिल्यांदा लोकांच्या घरात पोचले. पिंक फ्लॉइडच्या 1973 च्या अल्बममधली घड्याळं तुम्ही ऐकलीच असतील. रेकॉर्डिंग इंजिनिअर ॲलन पार्सन्स यांनी ती मुळात क्वाडचं प्रात्यक्षिक दाखवायला म्हणून रेकॉर्ड केली होती. आपल्याकडे सगळ्यांनी ती समोरूनच वाजताना ऐकली.

दुरुस्तीबद्दलही बरेच जण विचारतात. आलेल्या यंत्राचं झाकण काढून आधी मी वास घेते. जळका ट्रान्सफॉर्मर नाकाला आधी कळतो. मग बॅटरी घेऊन गोंद शोधायचा. कारखान्यात मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून पिवळट गोंद लावायचे; पन्नास वर्षांत तो तपकिरी होतो, ओल धरतो, वीज वाहू लागतो, आणि ज्याला धरून ठेवायचं त्याचेच पाय खातो. तो खरवडून काढणं हे नखाने करायचं, कंटाळवाणं काम. पायांना चांदीचा मुलामा दिलेले छोटे ट्रान्झिस्टर असतात, त्यांचे पाय काळे पडलेले दिसले की खरखर कुठून येतेय ते शोधत बसायची गरज नाही, सरळ बदलायचे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तर बदलायचेच. कपॅसिटन्सचा आकडा तोच, व्होल्टेज तेवढं किंवा वरचं, 105 डिग्री तापमान सोसणारे. स्वस्तातले घेऊ नका. नावाजलेल्या कंपनीचं लेबल लावलेले नकली कंडेन्सर बाजारात भरपूर आहेत.

स्टिरिओत एक बाजू जरा कमी असली तर बॅलन्सचा नॉब फिरवून वेळ मारून नेता येते. क्वाडमध्ये नाही. ॲम्प्लिफायर चार, आणि डिकोडरला जाणारे दोन्ही चॅनेल तोलामोलाचे नसतील तर गणितच चुकतं: मागचा व्हायोलिन पुढे पळतो. म्हणून चॅनेल मोजूनच जुळवायचे. पण त्यासाठी मॅरँट्झ 4400 या क्वाड रिसीव्हरवरच्या छोट्या ऑसिलोस्कोपचं, म्हणजे सिग्नल रेघांत दाखवणाऱ्या पडद्याचं, मला फारसं कौतुक नाही. लोक त्याच्या हिरव्या रेघांवर भाळून वाट्टेल ते पैसे देतात. मीटर टेबलावर असला तरी काम भागतं.

यंत्रं मिळतात कुठे? देवळालीच्या जुन्या बंगल्यांत, मर्चंट नेव्हीतून किंवा आखातातून परतलेल्यांच्या माळ्यावर, पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात. तबकड्या शोधताना कव्हर बघा. अमेरिकन कोलंबियाच्या एसक्यू तबकड्यांना सोनेरी चौकट असते, आरसीएच्या सीडी-4 वर क्वाड्राडिस्क लिहिलेलं असतं. विकणाऱ्याला बहुधा फरक माहीत नसतो, आणि मी सांगायला जात नाही. पावसाळ्यात ठेवलेल्यांवर बुरशी असतेच. डिस्टिल्ड वॉटर आणि थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण त्याच गठ्ठ्यात आजोबांच्या 78 च्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.

विजेचं जरा जपून. जपानमध्ये विकायला केलेलं यंत्र 100 व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं 120 चं. आपल्या 230 ला लावलंत की संपलं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतलात तरी टर्नटेबलचा प्रश्न उरतो. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर असतो आणि अमेरिकेत ती 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. पुली बदलली नाही तर 33⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला 28 फेऱ्याही धड घेत नाही आणि काळी चारची गायिका पांढरी चारला येऊन बसते.

आता क्वाडची खरी खोट. समोरचे दोन आणि मागचे दोन स्पीकर खोलीच्या कोपऱ्यांत ठेवले की दोन स्पीकरमधलं अंतर फार होतं. पुढे मधोमध आवाज पातळ होतो, आणि बरोबर डावीकडून किंवा उजवीकडून यायला हवा तो आवाज ठरत नाही, पुढे-मागे घुटमळतो. हे कितीही दुरुस्त केलं तरी जात नाही. ते कानांचंच आहे. शिवाय नीट ऐकू येणारी खुर्ची एकच. आमच्याकडे मागचा उजवा स्पीकर देवघराच्या वर आलाय. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तक्रार केली, आता त्या संध्याकाळी तिथेच बसतात, कारण त्यांना त्या बाजूने बरं ऐकू येतं.

हे वाचून कोणाला सुरुवात करायची असेल तर सीडी-4 च्या वाट्याला आधी जाऊ नका. एखादी एसक्यू किंवा क्यूएसची तबकडी घ्या, घरात प्रो लॉजिक टू असलेला जुना एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) असेल तर त्याच्या म्युझिक मोडवर लावा. क्यूएस त्यावर बऱ्यापैकी उलगडतं, एसक्यू कमी, पण अंदाज येतो. आवडलं तर पुढचा खर्च, नाहीतर तबकडी स्टिरिओत वाजतेच.

आणि मामांनी योकोहामाहून आणलेला रिसीव्हर माळ्यावर असेल तर "चालतोय का बघू" म्हणून सॉकेटला लावू नका. मी स्वतःही आधी 100 वॉटचा जुना, तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून लावते. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, तसाच रखरखीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. तुमच्याकडे सिरीज बोर्ड नसेल तर धूळ फडक्याने पुसा आणि आहे तसा आणा. येताना मागची पिन तोडून टाकलीत तरी हरकत नाही, ती वायर मी बदलतेच.