एच-इंडेक्स १४

प्रमोशनचा फॉर्म भरायला घेतला आणि अख्खा शनिवार त्यातच गेला. पूर्वी नुसतं पेपर (शोधनिबंध) किती एवढं विचारायचे, आता एकूण सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांनी आपल्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला), एच-इंडेक्स, प्रत्येक जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात), फर्स्ट ऑथर किती, कॉरस्पॉन्डिंग (पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) किती, सगळ्याचे वेगळे रकाने. त्यात सायटेशन्स मोजणाऱ्या साइट दोन, गूगल स्कॉलरचा आकडा एक आणि स्कोपसचा दुसरा, कारण स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासायच्या आधीच टाकलेले पेपर) जे मिळेल ते मोजतं. कुठला धरायचा ते फॉर्मात लिहिलेलंच नाही, म्हणजे सगळे मोठा असेल तोच टाकणार हे उघड आहे.

स्कोपसवर माझा एच-इंडेक्स १४. म्हणजे सायटेशनच्या उतरत्या क्रमाने पेपर लावले तर पहिल्या १४ पेपरांना प्रत्येकी निदान १४ सायटेशन्स आहेत. पंधराव्याला १३ आहेत आणि त्याच्या वरचे सगळे १५ च्या पुढे, त्यामुळे त्या एकाला आणखी दोन मिळाली की झालं, इंडेक्स १५! पीएचडीचा विद्यार्थी मागे उभा राहून बघत होता, तो लगेच म्हणाला, "मॅडम, नवीन मॅन्युस्क्रिप्टमध्ये टाकू ना हा, इंट्रोडक्शनमध्ये कुठेही बसेल." कुठेही बसेल हेच तर दुखणं आहे बाबा. (पोरगं हुशार आहे, सिस्टीम माझ्याआधी कळलीय त्याला.)

गंमत म्हणजे माझ्या यादीत सगळ्यात वर आहे तो लॉकडाऊनमध्ये लॅब बंद म्हणून घरी बसून लिहिलेला रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा. त्यात माझा एकही प्रयोग नाही. आणि टीबीचं जे काम खरं जीव ओतून केलं, पेशंटच्या बेडक्याचे नमुने, कल्चर वाढायची आठवडेच्या आठवडे वाट बघणं, मध्येच कंटॅमिनेशन, ते कुठेतरी तळाला लोळतंय.

पण हे माझंच असं नाही. जगात सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर कुठला, तर १९५१ चा, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या लॉरी या बायोकेमिस्टचा, प्रोटीन मोजायच्या पद्धतीवरचा. फोलिन रिएजंट नावाचं रसायन घाला, निळा रंग येतो, रंग जितका गडद तितकं प्रोटीन जास्त. २०१४ मध्ये नेचर या जर्नलने यादी केली तेव्हा याची सायटेशन्स ३ लाखांच्या वर होती. आणि लॉरीने स्वतःच लिहून ठेवलंय की हा काही माझा थोर पेपर नव्हे. बरोबरच आहे, पद्धत वापरली की साइट करावीच लागते, म्हणून ढीग पडतो. किती जणांनी वापरलं एवढंच त्यातून कळतं, काम किती मोठं ते नाही.

बरं, वापरलं तरी मोजलं जाईलच असंही नाही. आमच्या परळचंच बघा ना, केईएममधल्या डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी १९५२ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये एक नवा रक्तगट कळवला, जेमतेम दोन पानी पेपर. नेहमीच्या टेस्टला हे रक्त ओ ग्रुपसारखं दिसतं, पण या माणसांमध्ये एच अँटिजेनच (ओ ग्रुपवाल्यांच्याही लाल पेशींवर असणारा पदार्थ) नसतो, उलट त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी असते, त्यामुळे ओ ग्रुपचं रक्त चढवलं तरी जिवावर बेततं. आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' कुठल्याही ब्लड बँकेत पाठ असतो, डोनर हवा म्हणून व्हॉट्सॅपवर मेसेज फिरतात, पण मूळ पेपरचा संदर्भ कोण देत बसतंय! काम इतकं मुरलं की नाव गळून पडलं. फॉर्मात याला रकाना नाही.

आणि शंभूनाथ दे. कोलकात्याचे पॅथॉलॉजिस्ट. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधायचा, त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर गाळून, म्हणजे एकही जंतू नसलेलं पाणी टोचायचं, आणि बघायचं. आतडं पाण्याने टम्म फुगलं! म्हणजे माणसाला झिजवतं ते जंतूने सोडलेलं विष. १९५९ साली नेचरमध्ये आलं, पण सुरुवातीला फारशी कुणी दखलच घेतली नाही, भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो (मानाचा सदस्य) केलं नाही. १९७८ मध्ये नोबेल सिम्पोझियमला (परिषदेला) बोलावणं आलं. १९८५ मध्ये ते गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कामावर सविस्तर लेख लिहिला तो कुणी, तर युजीन गारफील्डने! इम्पॅक्ट फॅक्टरचा जन्मदाताच तो, आणि त्याला हा माणूस दिसला. आकड्यांचा राग येतो तेव्हा मला हे आठवतं, म्हणून आकडे सरसकट फेकून द्या असंही म्हणवत नाही. ओळखीपाळखीने फेलोशिप वाटण्यापेक्षा सायटेशन मोजलेलं बरंच. फक्त मोजणाऱ्याने नंतर पेपर उघडून वाचावा, गारफील्डने वाचला तसा.

सोमवारच्या जर्नल क्लबला (सगळ्यांनी मिळून पेपर वाचायच्या बैठकीला) दे यांचा तोच पेपर लावलाय. पोरं कुरकुरणार, इतका जुना कशाला म्हणून. तुलना करायला कंट्रोल काय ठेवले होते ते त्यांनाच शोधायला लावणार आहे.