जुन्या गोव्यात तिमय्याला शोधताना

डिसेंबरात पणजीहून कदंबा बस पकडून ओल्ड गोव्याला गेलो, यावेळी मोठी चर्च नाही तर सेंट कॅथरीनचं छोटं चॅपल बघायचं होतं. सगळी गर्दी बॉम जीझसकडे, इकडे मी आणि झाडू मारणाऱ्या एक मावशी. तिथल्या शिलालेखात लिहिलंय की 1510 मध्ये इथल्याच दरवाजातून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क आत शिरला आणि मुसलमानांकडून शहर घेतलं. तिमय्याचं नाव कुठंच नाही, आणि मी तर त्याच्यासाठीच आलो होतो.

तिमय्या होन्नावरचा, पोर्तुगीज कागदांत तिमोजा. स्वतःची गलबतं, विजयनगरशी लागेबांधे. अल्बुकर्क खरं तर तांबड्या समुद्राकडे निघालेला, यानेच त्याला गाठून सांगितलं की गोवा ज्याच्या ताब्यात तो विजापूरचा युसूफ आदिलशहा वारलाय, गोवा घ्यायचं तर आत्ताच. फेब्रुवारीत शहर फारसं न लढता मिळालं पण मे महिन्यात युसूफचा मुलगा इस्माईल आदिलशहाच्या फौजेनं पोर्तुगीजांना हाकलून लावलं, मग अख्खा पावसाळा जहाजं मांडवीतच अडकलेली, उंदीर खाऊन दिवस काढले म्हणतात. 25 नोव्हेंबरला शहर परत घेतलं आणि नंतर चार दिवस मुसलमानांची कत्तल. सहा हजार माणसं, बायकासुद्धा, हे खुद्द अल्बुकर्कने राजाला पत्रात कळवलंय. ते आठवलं आणि त्या अंगणात बसवेना.

आता तिमय्याचं काय करायचं? पोर्तुगीज बखरकारांना तो कामाला आलेला समुद्री चाचा, नंतरच्या काहींनी त्याला गोव्यातल्या हिंदूंना सोडवायला धडपडणारा माणूस केलं, आणि आपल्याकडे बोलताना सरळ फितूर म्हणून मोकळे होतात. मला तिन्ही पटत नाहीत. अरबी घोड्यांच्या व्यापारासाठी होन्नावर, भटकळ आणि गोवा यांच्यात चढाओढ होती, गोवा आदिलशहाकडे, म्हणजे त्याचं वैर तिथलं, आणि फितूर व्हायला तो आदिलशहाचा चाकर तरी कुठं होता? पुढची साडेचारशे वर्षं त्याला दिसणार कशी? त्याच्या हिशोबात फिरंगी आज आहेत, उद्या जातील. पण अल्बुकर्क गेलाच नाही, तिमय्याला महसूल वसुलीचं काम दिलं आणि शहर स्वतःकडे ठेवलं. पण त्या कत्तलीतला त्याचा वाटा मात्र मी पुसणार नाही, फिरंग्यांना वाट त्यानेच दाखवली.

दुसऱ्या दिवशी म्हार्दोळला गेलो. वेर्ण्याचा म्हाळ पैसुद्धा फिरंग्यांना सामील होता असं गोव्यात सांगतात. त्याच वेर्ण्यातलं म्हाळसेचं देऊळ 1567 च्या सुमारास फिरंग्यांनीच पाडलं, आणि लोकांनी देवीला जुवारी ओलांडून इथं फोंड्याकडे आणलं, तेव्हा हा मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता. देवळासमोरची ती उंच पितळी समई बघत बराच वेळ उभा होतो, मग पुजाऱ्यांनी आरतीला बोलावलं.