काटा तेवढाच

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मामा (माजी मालगुजारी) तलावावर जुलैत गेलो होतो, मत्स्यबीज सोडण्याचं नियोजन करायला. ते बाजूलाच राहिलं. सांडव्याशी गर्दी जमली होती. एका पोराने मच्छरदाणीचं जाळं लावून चढणीचे, म्हणजे विणीसाठी प्रवाहात वर चढणारे, मासे धरले होते, तेही ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमारांच्या, संस्थेने स्वतः ठराव करून ठरवलेल्या बंदीत. टोपलीत अंड्यांनी फुगलेल्या माद्या आणि मरळ-डाडकाची बोटभर पिल्लं एकत्रच होती.

अध्यक्षांनी विचारलं, "साहेब, तुमच्या कायद्यात याले काय शिक्षा हाय जी?"

मत्स्यव्यवसाय खात्यातली माझी बरीच नोकरी कोकणात गेली. मासेमारीचा जो कायदा मी रोज वापरला तो 1981 चा, सागरी. तो इथे लागू नाही, पण त्यामागचं शास्त्र या सांडव्यालाही लागू आहे, म्हणून तेच सांगत बसलो. राज्याच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत, कारण पावसाळा हा बऱ्याच माशांचा विणीचा काळ. नौकेमागे ओढायच्या ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला, म्हणजे खोळ्याला, 40 मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे जाळ्याची भोकं, हवेत. साध्या जाळ्याचे आस शंकरपाळीसारखे असतात. जाळं ओढलं की ते ताणून मिटतात, आणि पिल्लू सुटायची वाट बंद होते. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. जाळ्याचा तुकडा हाताने ओढून दाखवला की हे कुणालाही पटतं. तरी बंदरात लहान आसाचे खोळे सर्रास दिसायचे आणि त्यातली पिल्लं कुटीच्या, म्हणजे टाकाऊ मासळीच्या, भावाने फिशमीलला, म्हणजे मासळीची भुकटी करायच्या कारखान्याला, जायची. मला त्याचा आजही राग येतो.

2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर. माशाने मरण्याआधी एकदा तरी अंडी घालावीत, एवढीच अपेक्षा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं बंदरावर उतरलेल्या माशांचे नमुने घेऊन पट्टीवर लांबी मोजतात. समुद्राच्या पोटात किती मासे आहेत हे कुणालाच दिसत नाही, ते या लांब्यांवरून आणि किती मेहनतीला किती मासा लागला यावरून ताडावं लागतं. आणि आमच्या मासिक अहवालात रकाना एकच, उत्पादन किती टन. आकडा वाढला की वरचे खूश.

हे बोलत होतो तेव्हा बाजारात मासे विकणाऱ्या एक आजी टोपलीतली पिल्लं बोटांनी वेगळी करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काटा का सांगल जी? पयले किलोत चार चढत, आता पंधरा चढतेत. काटा तेवढाच रायते."

साठा खालावताना वजनाच्या आधी आकार घसरतो, हे मी प्रशिक्षणात आलेख काढून शिकलो. पट्टी न लावता तेच निदान आजींनी केलं होतं. संस्थेच्या कार्यकारिणीत मात्र एकही बाई नाही. मासे निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायकांना ठरावाच्या वेळी विचारत नाहीत, हे मला साफ चूक वाटतं. तसं मी अध्यक्षांना तिथेच बोललो. ते गप्प राहिले.

संस्थेने जाळं जप्त केलं, दंड घेतला नाही. जिवंत होत्या त्या माद्या तलावात सोडल्या.

मग पोराची आई पुढे आली. "पोट्ट्यानं काय खावाचं जी बंदीत?"

बंदीच्या काळासाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मदत आहे. मच्छीमाराचे 1500 आणि शासनाचे 3000, असे मिळून तीन महिने दरमहा 1500 रुपये. ती समुद्रापुरती नाही, गोड्या पाण्यातल्या मच्छीमारालाही आहे. पण त्यासाठी सभासदत्व लागतं. सभासद होता तिचा नवरा. तो वारला आणि त्याच्या जागी तिचं नाव कुणी चढवलंच नाही. ठरावाची बंदी मात्र तिच्या घरालाही लागू.

त्या महिन्याच्या अहवालात शेऱ्यात मी टोपलीतल्या माशांच्या लांब्या लिहिल्या. रकान्यात नसलेलं लिहू नका, असा वरून फोन आला. पुढच्या अहवालातही लिहिणार आहे. तिचं नाव चढवण्याचा विषय संस्थेच्या सभेपुढे ठेवायला सांगितलंय. सभा दिवाळीनंतर आहे, आणि यंदाची बंदी तोवर कधीच संपलेली असेल.